न दाखवलेल्या खुलाशाबाबत

प्रति,
मा. प्राधिकृत अधिकारी,
केबल प्रक्षेपण नियंत्रण कक्ष,
दुसरा मजला, खोली क्र. १४
(जिना चढून डावीकडे, उजवीकडे दाखवणारा बाण चुकीचा आहे).

विषय : घरोघर जाऊन तोंडी बातमी वाचल्याबद्दल बजावलेल्या नोटिशीस उत्तर, आणि ती बातमी सर्व घरी वाचून होईपर्यंत आडकाठी न करणेबाबत.

संदर्भ : १) "विनापरवाना वृत्तप्रसारण" या मथळ्याची आपली नोटीस, दिनांक ९.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज, ज्यांची उत्तरे आली नाहीत, किंवा जी आली ती उत्तरे नव्हती.

महोदय,

१. अर्जदार ही शहरातील बंद पडलेल्या केबल वृत्तवाहिनीची नऊ वर्षे वृत्तनिवेदिका होती. आपल्या खिडकीवरील लिपिकाने "अर्जात मी-मी करू नका, अर्जदार म्हणून लिहा," अशी समज दिल्यामुळे पुढे तसेच लिहिले आहे. आपल्या नोटिशीत अर्जदाराकडून सात दिवसांच्या आत खुलासा मागवला आहे. आपले कार्यालय कोणाकडे तरी खुलासा मागते हे पाहून अर्जदारास समाधान वाटले. हीच तत्परता दोन वर्षांपूर्वी दाखवली असती तर आज ना नोटीस निघती, ना हे उत्तर.

२. वाहिनीची हकिगत आपल्या दप्तरी चार ओळींत आहे आणि त्यातल्या तीन चुकीच्या आहेत, म्हणून थोडक्यात सांगणे भाग आहे. वाहिनीचे मालक मूळचे गच्चीवर डिश बसवून देणारे. लोक डिशला छत्री म्हणत, म्हणून मालकांना छत्रीसाहेब. अर्जदार त्या काळी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसून गाड्यांच्या घोषणा करीत असे. एके दिवशी छत्रीसाहेब खिडकीशी आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही गाडी उशिरा येणार म्हणून सांगता आणि लोक शांत उभे राहतात. हा आवाज मला पाहिजे." अर्जदाराच्या आवाजाची एवढी अचूक तारीफ त्यापूर्वी कोणी केली नव्हती, घरच्यांनी तर नाहीच. अर्जदार त्यास भुलली.

३. टायर-पंक्चरच्या दुकानावरच्या खोलीत वाहिनी सुरू झाली. दोन पिंपांवर एक जुने दार आडवे टाकून त्यावर निळे कापड घातले, हे झाले टेबल. बातम्या वाचताना खाली हवेचा पंप सुरू झाला की थांबायचे, तो बंद झाला की पुढचे वाक्य घ्यायचे. कॅमेरा चालवायला लग्नाचे फोटो काढणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे फोटोभाऊ म्हणत. त्यांना सवयच अशी की कोणाचेही दुःख असो, ते आधी हार-तुरे शोधत आणि मग माणसाचा चेहरा. पण माणूस सरळ होता.

४. पहिली दोन वर्षे या वाहिनीने खरे काम केले, हे अर्जदार मान ताठ ठेवून सांगते. कोणत्या गल्लीला पाणी किती वाजता येणार, कोणता रस्ता खोदला आहे, दवाखान्यात कोणते डॉक्टर रजेवर आहेत, हे संध्याकाळी सात वाजता पंधरा मिनिटांत सांगितले जाई. दवाखान्यासमोरच्या लोखंडी पादचारी पुलाच्या पायऱ्या गंजल्या होत्या. फोटोभाऊंचा पाय चित्रीकरण करता करता एका पायरीतून आरपार गेला. तो पाय वाहिनीने सलग चार दिवस दाखवला. अकराव्या दिवशी नव्या पायऱ्या बसल्या. बाजारात बायका अर्जदाराला अडवून म्हणत, "ताई, आमच्या गल्लीचं नाव तेवढं घ्या हो आज." अर्जदार नाव घेई, आणि टँकर येई. इतका साधा मामला होता.

५. पुढे वाहिनी मोठ्या लोकांच्या नजरेत भरली आणि तिथेच तिचे वाटोळे झाले. ज्यांच्या कारभाराबद्दल बातमी करायची तेच पाहुणे म्हणून खुर्चीत येऊन बसू लागले. खुर्चीही मग गुबगुबीत आली. बातम्यांच्या पंधरा मिनिटांतली नऊ मिनिटे उद्घाटनांना आणि पडद्याखालून सरकणाऱ्या पट्टीतली सगळी जागा वाढदिवसांना जाऊ लागली. आपण स्वतः त्या काळी या शहरात नवीन होतात आणि बाजारातील सार्वजनिक मुतारीचे उद्घाटन आपल्या हस्ते झाले, हे आपणांस स्मरत असेल. फोटोभाऊंचा कॅमेरा ऐनवेळी रुसल्याने आपण फीत तीन वेळा कापलीत. चौथ्या वेळी फीत संपली, तेव्हा समोरच्या औषधाच्या दुकानातून बँडेज आणून बांधले आणि आपण तेही त्याच हसऱ्या चेहऱ्याने कापलेत. हे पूर्ण चित्रण सात मिनिटे चालले. त्या दिवशी मागच्या तीन गल्ल्यांना पाणी आले नव्हते. ती बातमी वेळेअभावी गळली.

६. त्यानंतर छत्रीसाहेबांनी मोठ्या वाहिन्या पाहून लाल पट्टी आणली, धडाधड वाजणारे संगीत आणले, आणि अर्जदाराला बोलावून सांगितले, "बाई, तुम्ही बातमी सांगता. बातमी सांगायची नसते, फेकून मारायची असते." एक शेळी पत्र्यावर चढून बसली होती, तिचे दोन तास थेट प्रक्षेपण झाले. शेळी मनात आले तेव्हा आपली आपण उतरली. छत्रीसाहेबांनी त्याला "वाहिनीचा दणका" असे नाव दिले. अर्जदाराने तेही वाचले. यजमान घरी म्हणाले, "सोड ना हे आता." अर्जदार म्हणाली, "पाण्याच्या वेळा तरी मी सांगते ना." तोवर पाण्याच्या वेळा बंद होऊन चार महिने झाले होते. हे यजमानांना माहीत होते.

७. आता मूळ प्रकरण. शाळेची बस चालवणारे एक गृहस्थ होते. मुले त्यांना हळूकाका म्हणत, कारण एकोणीस वर्षांत त्यांनी गाडी कधी जोरात हाकली नाही. मागून येणारे भोंगे वाजवून वाजवून थकत. एका सकाळी अकराच्या सुमारास, अठ्ठावीस मुले बसमध्ये असताना, त्यांना घाम फुटला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी बस रस्त्याच्या कडेला घेतली, हातब्रेक ओढला, इंजिन बंद केले, किल्ली काढून खिशात ठेवली आणि मग ते स्टिअरिंगवर कोसळले. एकाही मुलाला खरचटले नाही. रस्त्यावरच्या कोणीतरी त्यांना बाहेर ओढतानाचे मोबाइलवर टिपले: लटपटणारे पाय, लोंबणारी मान, तोंडातून गळणारी लाळ. अर्ध्या तासात ते चित्रण छत्रीसाहेबांकडे पोहोचले, आणि अर्जदाराच्या हातात कागद आला : "दारुड्या चालकाच्या हाती अठ्ठावीस चिमुकल्यांचे प्राण!"

अर्जदाराने विचारले, "दारू प्याले होते असं कोण म्हणालं?" छत्रीसाहेब म्हणाले, "पाय बघा ना त्याचे." एवढ्यावर अर्जदार कॅमेऱ्यासमोर बसली. पहिल्याच दमात बातमी चोख झाली. "दारुड्या" या शब्दाआधी अर्जदाराने एक क्षण थांबून श्वास घेतला, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकत असे. ते थांबणे अर्जदाराचे स्वतःचे होते, दिलेल्या कागदावर ते नव्हते. ही बातमी तीन दिवसांत एकसष्ट वेळा दाखवली. पहिल्या संध्याकाळी शेजारणी घरी आल्या आणि म्हणाल्या, "काय आवाज लागला होता आज तुमचा!" अर्जदाराने त्यांना चहा करून दिला. या अर्जात ज्या कोणाबद्दल तुच्छतेने लिहिले आहे त्या यादीत अर्जदाराचे नाव सर्वांत वर धरावे, ही विनंती.

८. दुसऱ्या दिवशी सकाळी हळूकाकांची पत्नी दवाखान्याचा कागद घेऊन टायरच्या दुकानाचा जिना चढून आली. चढताना तिने चपला खाली काढून ठेवल्या होत्या, जणू कोणाच्या घरी आली होती. कागदावर स्वच्छ लिहिले होते की रुग्णास मधुमेह आहे, रक्तातील साखर एकदम उतरल्याने शुद्ध हरपली, दारूचा अंशही आढळला नाही. अर्जदार तो कागद घेऊन छत्रीसाहेबांकडे गेली. छत्रीसाहेबांनी तो पूर्ण वाचला, हे त्यांच्या बाजूने नमूद करणे योग्य. मग म्हणाले, "खुलासा दाखवला तर कालची बातमी खोटी पडते. आणि साखर कोण बघतं, बाई? लोक दारू बघतात." कागद त्यांनी खणात टाकला. संध्याकाळी शाळेने हळूकाकांना कामावरून काढले. पालकांनी सह्या करून तशी मागणीच केली होती. "टीव्हीवर दाखवलं," एवढा पुरावा सर्वांना पुरला. अर्जदाराने त्यानंतर सात महिने रोज खुलाशाचा विषय काढला आणि सात महिने रोज बातम्या वाचल्या. दोन्ही कामे एकाच माणसाने कशी केली, हे विचारू नये.

९. वाहिनी बंद पडली ती या पापामुळे नव्हे, हे आपणांस पक्के ठाऊक आहे. आपल्या वरिष्ठ साहेबांच्या वाढदिवसाला त्यांच्या फोटोखाली शुभेच्छांऐवजी "भावपूर्ण श्रद्धांजली" अशी पट्टी गेली. पट्टी टाकणाऱ्याने आदल्या दिवशीची ओळ बदलली नव्हती, इतकेच. साहेबांच्या घरी लोक पांढरे कपडे घालून पोहोचले आणि दार साहेबांनीच उघडले. त्या एका चुकीचा खुलासा वाहिनीने तासाभरात एकवीस वेळा दाखवला, छत्रीसाहेब स्वतः हात जोडून उभे राहिले. म्हणजे खुलासा दाखवता येतो, त्याला जागा असते, वेळ असतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. तरी दुपारी आपले पथक आले. वाहिनीचा परवाना सहा वर्षे नूतनीकरणाविना आहे, हा शोध आपणांस नेमका त्याच दुपारी लागला. दाराला सील लागले. ज्या खणात दवाखान्याचा कागद होता तो खणही सीलच्या आतच राहिला. छत्रीसाहेब आता आपल्याच कार्यालयाच्या "खोट्या बातम्यांना आळा" समितीचे सन्माननीय सदस्य आहेत. अनुभवी माणूस घेतलात, यात शंका नाही.

१०. अर्जदाराने दवाखान्यातून कागदाची दुसरी प्रत मिळवून आपणांकडे पहिला अर्ज केला : सील दोन मिनिटे उघडावे आणि एक खुलासा वाचू द्यावा. उत्तर आले की वाहिनी बंद असल्याने खुलासा दाखवता येत नाही, आणि वाहिनीच बंद असल्याने तिच्याविरुद्ध तक्रारही उद्भवत नाही. दुसरा अर्ज तीन प्रतींत नाही म्हणून परत आला. तिसरा आपण अभिप्रायासाठी वाहिनीच्या पत्त्यावर पाठवलात. तो "दार बंद, सील दिसते" अशा शेऱ्यासह परत आला. सील आपलेच होते. चौथ्या अर्जाबाबत खोली क्र. १४ मध्ये चौकशी केली असता आपण मान वर न करता म्हणालात, "बाई, दोन वर्षं झाली. लोक विसरले असतील." अर्जदाराने विचारले, "काय विसरले असतील, साहेब? बातमी की माणूस?" आपण घंटी वाजवून शिपायास बोलावलेत.

११. यानंतर अर्जदाराने जे केले ते नोटिशीत बरोबर लिहिले आहे. वाहिनीच्या तारा ओढणारे, खांबावर चढणारे लाइनमन निवृत्त होऊन घरी आहेत. त्यांच्याकडे प्रत्येक जोडणीची वही होती. ते म्हणाले, "ताई, जिथं जिथं ती बातमी गेली ना, तिथली तार मी माझ्या हातानं ओढलीय. चला, दारं दाखवतो." वहीत दोन हजार तीनशे सोळा जोडण्या आहेत. अर्जदार रोज सकाळी नऊला निघते, दार वाजवते, उभ्यानेच खालील मजकूर वाचते आणि पुढच्या दाराकडे जाते :

"नमस्कार. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या बसचे चालक दारू प्यायले होते अशी बातमी मी आपल्याला दिली होती. ती बातमी खोटी होती. त्यांची साखर उतरली होती. बेशुद्ध पडण्याआधी त्यांनी बस कडेला घेऊन थांबवली आणि अठ्ठावीस मुलांना वाचवले. चूक माझी आणि वाहिनीची होती. बातमी संपली."

१२. आजवर एक हजार एकशे बेचाळीस दारे झाली. लोकांचे वर्णन करायचे तर अर्जदाराच्या मनात त्यांच्याविषयीही फारसा आदर उरलेला नाही. एक बाई सगळे ऐकून म्हणाल्या, "अगोबाई, टीव्हीत तुम्ही केवढ्या जाड दिसायच्या!" एका निवृत्त गृहस्थांनी मजकुरात दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून दिले, हळूकाकांबद्दल अवाक्षर नाही. कित्येकांनी विचारले, "चॅनल परत कधी सुरू होतंय?" एकाने सांगितले, "आम्ही ती बातमी बघितलीच नव्हती," आणि लगेच बायकोला हाक मारून, "अगं, ती दारुड्याची बातमी नाही का, त्यातली बाई आलीय." पुष्कळांनी दार लावून घेतले. अर्जदार बंद दारासमोरही पूर्ण वाचते. दारामागे टीव्हीचा आवाज लहान झाल्याचे काही वेळा ऐकू आले आहे.

१३. आठशे सतराव्या दारी मात्र एक आई भेटली. तिचा मुलगा त्या बसमध्ये होता आणि काकांना काढा या मागणीवर तिची सही पहिली होती. तिने दारात उभे राहून सगळे ऐकले, आत जाऊन गॅस बंद केला, ओढणी घेतली आणि विचारले, "आता कुणाकडे जायचं ते सांगा." तिने पंधरा दिवसांत आणखी सोळा पालक गोळा केले. सतरा जण मुख्याध्यापिकांना भेटले. मुख्याध्यापिकांनी सांगितले, "टीव्हीवर दाखवलं होतं, तर टीव्हीवरच खुलासा झाला पाहिजे. नाहीतर सरकारी शिक्क्याचा कागद आणा." सरकारी शिक्का मारण्याचा अधिकार ज्या एका कार्यालयास आहे, त्याने त्याच आठवड्यात नोटीस काढली.

१४. नोटिशीतील आरोपांबाबत : (अ) अर्जदाराने कोणतीही तार, डिश अथवा यंत्र वापरलेले नाही. प्रक्षेपणाची क्षमता घशाइतकीच असून पावसाळी हवेत तीही निम्मी होते. (आ) "प्रेक्षकांच्या शांततेचा भंग" झाला हे मान्य. खोट्या बातमीने तो एकसष्ट वेळा झाला होता, तेव्हा तक्रार आली नव्हती. (इ) "बातमी शिळी आहे" हा आक्षेप समजला नाही. खोटे दोन वर्षे ताजे राहत असेल तर खरे शिळे कसे होते, हे समितीच्या पुढील बैठकीत छत्रीसाहेबांना विचारावे.

१५. अर्जदार हळूकाकांच्या घरीही गेली. ते वहीत अकराशे एकोणतिसावे होते आणि तोवर जाण्याचे धाडस झाले नव्हते, हे खरे. दार पत्नीने उघडले. अर्जदाराने कागद समोर धरला तेव्हा ती म्हणाली, "आम्हाला काय वाचून दाखवता? आम्हाला माहीत आहे. शेजारी वाचा." अर्जदाराने शेजारी वाचले, त्याच्या शेजारी वाचले, पूर्ण गल्ली वाचली. परत येताना पत्नी दारातच उभी होती. ती म्हणाली, "शाळेची नोकरी मिळाली तर बघू. पण आधी त्यांना या रस्त्यानं दुकानापर्यंत जाता आलं पाहिजे. दोन वर्षं ते मागच्या नाल्याकडून जातात." ती आत गेली.

चार दिवसांनी लाइनमन निरोप घेऊन आले. हळूकाका पुढच्या रस्त्याने दुकानात गेले. दुकानदाराने विचारले, "काका, साखर कशी आहे आता?" काका म्हणाले, "बरी आहे," आणि साबण घेऊन त्याच रस्त्याने परत आले. इतकेच घडले. लाइनमनच्या म्हणण्याप्रमाणे चालही तीच होती, हळू.

१६. सबब विनंती की, (क) नोटीस मागे घ्यावी. न घेतल्यास अर्जदार उरलेली अकराशे चौऱ्याहत्तर दारे नोटीस हातात धरून करील, तेव्हा तीही लोकांना वाचून दाखवता येईल. (ख) या अर्जाच्या तीन प्रती जोडल्या आहेत. एक प्रत आवक शिक्का मारून परत द्यावी. आवक शिक्का नाकारण्याचा अधिकार खिडकीवरील लिपिकास नाही, हे चार अर्जांच्या अनुभवाने कळले आहे. परिच्छेद ११ मध्ये खुलाशाचा मजकूर संपूर्ण आहे, त्यावर आपल्या कार्यालयाचा गोल शिक्का बसेल, आणि सोमवारी सतरा पालक तो मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवतील. शिक्क्याचा अर्थ फक्त "कागद मिळाला" एवढाच होतो, हे त्यांना सांगण्याची घाई आपण करू नये.

१७. आपण स्वतः हा अर्ज येथपर्यंत वाचला असल्यास खुलासा आपणांपर्यंत पोहोचला असे अर्जदार धरते. आपल्या घरच्या मंडळींनी तो अद्याप ऐकलेला नाही. लाइनमनच्या वहीत आपले निवासस्थान जोडणी क्रमांक एक हजार एकशे त्रेचाळीस असून पुढे "जोडणी एक, टीव्ही दोन" असा शेरा आहे. त्याबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही. फक्त दोन्ही टीव्हींसमोर बसणाऱ्यांनी एकत्र बाहेर यावे, म्हणजे दोनदा वाचावे लागणार नाही. अर्जदार रविवारी सकाळी दहा वाजता येत आहे. पुढची नोटीस तयार असल्यास दारातच द्यावी, आपल्या शिपायाचा हेलपाटा वाचेल.

कळावे, आणि या वेळी खरोखरच कळावे.

अर्जाच्या नमुन्यात छापले आहे म्हणून,
आपली नम्र,

(सही)
अर्जदार,
माजी वृत्तनिवेदिका
दिनांक : १४

सोबत :
१) दवाखान्याच्या कागदाची प्रत.
२) सतरा पालकांच्या सह्यांचा कागद. पूर्वीच्या मागणीवर सह्या करणारेच हे पालक आहेत. अक्षर ताडून पाहावे.
३) आपल्या नोटिशीची प्रत. तीत "प्रसारण" हा शब्द दोन ठिकाणी चुकला आहे, तो लाल शाईने दुरुस्त करून दिला आहे.